आयव्हरी की ऑफ-व्हाइट? आतल्या भिंतींच्या रंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की दिवाळीपर्यंत आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो या दोन शेडमध्ये. गडद निळा घ्यायला आलेला माणूस पाच मिनिटांत डबा घेऊन जातो. पांढऱ्याच्या जवळचं काही हवं असणारा तीनदा येतो, चौथ्यांदा घरच्यांना घेऊन येतो. तेच ते प्रश्न फोनवरही येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

१. आयव्हरी आणि ऑफ-व्हाइटमध्ये नक्की फरक काय? मला तर दोन्ही पांढरेच दिसतात.

दोन्ही पांढऱ्यातच मोडतात, फरक आहे तो झाकेचा. पाया एकच असतो: टायटॅनियम डायऑक्साइड असलेला पांढरा बेस. त्यात टिंटिंग मशीन अगदी थोडं रंगद्रव्य सोडतं. पिवळा ऑक्साइड जास्त पडला की आयव्हरी, म्हणजे साधारण सायीचा रंग. पिवळा कमी आणि सोबत काळ्याचा थेंब आला की शेड करड्याकडे झुकते. दुकानात ‘ऑफ-व्हाइट दाखवा’ म्हटलं की बहुतेक वेळा ही दुसरी पुढे येते.

मात्र ही नावं पक्की नाहीत. एका कंपनीचा आयव्हरी दुसऱ्या कंपनीच्या ऑफ-व्हाइटपेक्षा फिका निघू शकतो. पेंटरला नुसतं ‘आयव्हरी आणा’ सांगणं म्हणजे निवड त्याच्यावर सोडून देणं. शेडचा कोड सांगा. या पानापुरतं आयव्हरी म्हणजे पिवळ्या झाकेचा आणि ऑफ-व्हाइट म्हणजे करड्या झाकेचा, असं धरून चालू.

२. झाक ओळखायची कशी? कार्ड कितीही जवळ धरलं तरी कळत नाही.

एकटं कार्ड बघून आम्हालाही कळत नाही. नजर त्या रंगाला सरावते आणि थोड्या वेळात तोच पांढरा वाटू लागतो. झेरॉक्सचा कोरा कागद घ्या आणि दोन्ही कार्डं त्यावर शेजारी शेजारी ठेवा. पिवळेपणा किंवा करडेपणा लगेच वर येतो. कागद मात्र सगळ्यांसाठी एकच वापरा. बऱ्याच कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं, त्यामुळे ते किंचित निळसर दिसतात. पण तुलना करायला त्याने बिघडत नाही.

दुसरी युक्ती फॅनडेकची, म्हणजे पंख्यासारख्या उघडणाऱ्या शेडच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्याची. ज्या पट्टीवर तुमची शेड आहे, त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघा. ती मोहरीकडे जाणारी असेल तर वरची फिकी शेडही भिंतीवर पिवळीच बोलणार. गडद टोक राखाडी किंवा मातकट असेल तर फिकी शेड त्याच घरातली. ही खूण सहसा चुकत नाही. पण काही कंपन्यांनी पांढऱ्यांची वेगळी पट्टी केली आहे. तिथे खाली गडद शेड नसते, तेव्हा कागदावरच विसंबा.

३. एलआरव्ही ८२ आणि ८४ यांत किती फरक पडतो?

एलआरव्ही म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड ती परत फेकते याचं माप. शून्य म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे कल्पनेतला परिपूर्ण पांढरा. दोन अंकांचा फरक खोलीच्या उजेडात तुम्हाला जाणवणार नाही. खिडकीवरचा पडदा बाजूला केला तर त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो. ७० आणि ८५ असं असेल तर जरूर विचार करा. आणि हा आकडा झाक सांगत नाही. ८२ चा आयव्हरी आणि ८२ चा ऑफ-व्हाइट सारखाच उजेड परतवतात, पण एक पिवळा आणि दुसरा करडा दिसतो. लोक आकड्यांची तुलना करत बसतात आणि मुद्द्याची गोष्ट राहून जाते.

४. कार्डवर छान दिसलेला आयव्हरी भिंतीवर हळदुला झालाय. डबा चुकीचा आला का?

डब्यावरच्या लेबलचा कोड आणि बिल ताडून पाहा. कोड बरोबर असेल तर बहुधा डब्याची चूक नाही. चार भिंतींना एकच रंग दिला की एका भिंतीवरून उसळलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून परत येतो, आणि प्रत्येक फेरीत झाक थोडी गडद होते. कोपऱ्यात ते स्पष्ट दिसतं. म्हणून पिवळी झाक असलेली शेड खोलीभर लागली की कार्डापेक्षा एक पायरी पुढे गेल्यासारखी वाटते. आयव्हरी आवडला असेल तर कार्डवर ‘जरा फिकाच आहे’ वाटेल असा घ्या. करड्या झाकेच्या बाबतीत हा परिणाम कमी जाणवतो, तिथे त्रास वेगळा होतो (प्रश्न ६ पाहा).

दिव्यांचाही हात असू शकतो. तो प्रश्न ७ मध्ये.

५. सँपल भिंतीवर कसा लावून बघायचा?

हे नीट केलं तर बाकीचे अर्धे प्रश्न पडत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर.

पेंटर बहुतेक वेळा जुन्या भिंतीवर ब्रशने वीतभर पट्टा ओढतो, शेजारी दुसरा ओढतो आणि ‘बोला साहेब, कुठला?’ विचारतो. यावरून काहीही ठरवू नका. खाली जुना गुलाबी रंग असेल तर तो एका हातातून डोकावतो, शिवाय पट्ट्याच्या भोवतीचा रंग नजरेला फसवतो. जुन्या पिवळट भिंतीवर लावलेला ऑफ-व्हाइट निळसर दिसतो. तोच नवीन पुट्टीवर लावला तर मळका वाटतो.

हार्डबोर्डचे किंवा जाड ड्रॉइंग पेपरचे दोन तुकडे घ्या, दोन फूट बाय दोन फूट तरी हवेत. आधी प्रायमरचा एक हात द्या, मग दोन्ही शेडचे दोन-दोन हात, भिंतीला वापरणार त्याच रोलरने. चारही कडांना दोन इंच पांढरी पट्टी सोडा, म्हणजे तो तुकडा जुन्या भिंतीशी भिडत नाही. रात्रभर वाळू द्या. इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावरून मत बनवू नका.

मग ते तुकडे खोलीत फिरवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर उभे धरा, खिडकीच्याच भिंतीवर धरा, सोफ्यामागे ठेवा. आडवे टेबलावर ठेवून बघण्यात अर्थ नाही, कारण भिंतीवर उजेड तिरका पडतो आणि टेबलावर वरून. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, तिन्ही वेळा बघा. रात्रीचं बघणं लोक टाळतात आणि घरात माणसं सगळ्यात जास्त असतात ती रात्रीच.

पीओपी, पुट्टी सगळं होऊन भिंत एकसारखी पांढरी झालेली असेल तर थेट भिंतीवर लावलं तरी चालतं. फक्त दोन सँपलमध्ये हातभर जागा सोडा.

६. आमचा हॉल उत्तरेकडे आहे. कुठला घ्यावा?

उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, नुसतं आकाश दिसतं. तो उजेड निळसर असतो. त्यात करड्या झाकेचा ऑफ-व्हाइट थंड, कधी सिमेंटसारखा वाटतो. तिथे आयव्हरी उपयोगी पडतो, कारण त्याचा पिवळेपणा त्या निळ्याने दबतो आणि भिंत साधी, उबदार पांढरी दिसते. गंमत म्हणजे महाराष्ट्रात मे ते जुलैदरम्यान सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि वायव्येला मावळतो, तेव्हा याच खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन डोकावतं. पण लगेच पाऊस लागतो, त्यामुळे रंग निवडताना ते धरायची गरज नाही.

पश्चिमेच्या खोलीत उलट. दुपारी चारनंतरचं ऊन स्वतःच नारिंगी असतं, आयव्हरीवर पडलं की भिंत पेटल्यासारखी दिसते. तिथे ऑफ-व्हाइट. पूर्वेला दोन्ही चालतात, पण संध्याकाळी दिव्यात बघून ठरवा.

दिशेपेक्षा समोर काय आहे हे शहरात जास्त महत्त्वाचं. खिडकीपासून वीस फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची विटकरी भिंत असेल तर खोलीत येणारा उजेड तांबूस असतो. समोर आंब्याचं झाड असेल तर हिरवट. पहिल्या मजल्यावर झाडाआड असलेल्या खोलीत करडा ऑफ-व्हाइट शेवाळी दिसल्याच्या तक्रारी आमच्याकडे येत असतात, आणि तिथे शेड बदलण्यापलीकडे इलाज नसतो.

७. दिवसा सुंदर दिसतो, रात्री ट्यूब लावली की प्रेतकळा येते. का?

‘कूल डेलाइट’ म्हणून विकली जाणारी एलईडी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते, म्हणजे निळसर पांढरी. ‘वॉर्म व्हाइट’ २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. ४००० च्या आसपासचा ‘नॅचरल व्हाइट’ या दोघांच्या मधला. करडा ऑफ-व्हाइट कूल ट्यूबखाली निर्जीव होतो, आयव्हरी वॉर्म दिव्याखाली हळदीकडे जातो. दोन्ही शेड सांभाळून घेतो तो मधला, ४००० वाला. पण आपल्याकडे ट्यूब घेताना वॅट विचारतात, केल्विन कोणी विचारत नाही.

आणखी एक भानगड आहे. दोन शेड दिवसा अगदी सारख्या दिसतात आणि रात्री वेगळ्या, असं होऊ शकतं, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक दिव्याचा उजेड त्यांच्यावरून वेगळा परततो. स्वस्त एलईडीमध्ये हे जास्त दिसतं. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात याचं माप. ८० च्या खालचा दिवा घेऊ नका, ९० चा मिळाला तर उत्तम.

आधी दिवा बदलून बघा, मग रंग. ट्यूबची किंमत एका खोलीच्या मजुरीच्या कितीतरी पटींनी कमी आहे.

८. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड आहे, दरवाजे सागवानी. काय जुळेल?

क्रीम फरशीच्या वर करडा ऑफ-व्हाइट लावला की दोघांपैकी एक मळका दिसतो, बहुतेक वेळा भिंत. तिथे आयव्हरी घ्या, पण फरशीपेक्षा फिका. फरशी आणि भिंत हुबेहूब एका रंगाची करायचा हट्ट धरू नका. ते जमत नाही आणि न जमलेलं लगेच दिसतं. एक तुकडा टाइल घेऊन दुकानात या. बिल्डरने दिलेल्या टाइलचे एक-दोन नग माळ्यावर पडलेले असतातच.

क्रीम टाइलमध्येही काही गुलाबीकडे झुकतात. अशांवर पिवळा आयव्हरी भांडतो, तिथे तांबड्याची झाक असलेला ऑफ-व्हाइट शोधावा लागतो.

कोटा किंवा करडी फरशी असेल तर ऑफ-व्हाइट सहज बसतो. कडाप्प्याच्या ओट्याशी दोन्ही जुळतात. सागवानाशीही दोन्ही जुळतात, फक्त पॉलिश फार लालसर असेल तर आयव्हरीत ते आणखी लाल दिसतं.

९. छत पांढरंशुभ्र ठेवायचं की भिंतीचाच रंग द्यायचा?

पांढऱ्याशुभ्र छतामुळे भिंतीची झाक उठून दिसते. कोऱ्या कागदाची जी युक्ती प्रश्न २ मध्ये सांगितली, तेच काम इथे छत करतं. आयव्हरी ‘आयव्हरी आहे’ असं दिसायला हवं असेल तर छत शुभ्र ठेवा. भिंत नुसती मऊ पांढरी वाटावी असं असेल तर छतालाही तीच शेड द्या, किंवा डीलरकडून त्याच कोडचं निम्म्या रंगद्रव्याचं मिश्रण करून घ्या. छताला फिनिश मात्र मॅट.

जुन्या चुन्याच्या घरांत नीळ घालून सफेदी करत. निळीने चुन्याचा पिवळेपणा मरतो आणि पांढरा जास्त पांढरा भासतो. आजचे काही ‘ब्राइट व्हाइट’ असेच निळसर असतात. अशा छताखाली आयव्हरी भिंत जुनाट वाटू शकते, त्यामुळे छताच्या पांढऱ्याचाही सँपल बघा.

१०. कोड एकच, पण भिंत आणि दरवाजा वेगळे दिसतात. फसवलं का?

नाही. भिंतीला मॅट इमल्शन आणि दरवाजाला चकचकीत ऑईल पेंट असेल तर एकच शेड दोन दिसते. मॅट उजेड विखुरतो, ग्लॉस तो आरशासारखा परतवतो. शिवाय ऑईल पेंट काळानुसार पिवळा पडतो, आणि अंधारात जास्त. कपाटाच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पिवळी झालेली तुम्ही पाहिली असेल. अॅक्रिलिक इमल्शनमध्ये हे फारसं होत नाही. म्हणून करडा ऑफ-व्हाइट दरवाजांनाही हवा असेल तर पाण्यात मिसळणारं इनॅमल घ्या. आयव्हरीत ऑईल पेंटचा पिवळेपणा खपून जातो.

११. दोन डबे आणले, दोन्हींवर एकच कोड, तरी भिंतीवर सांधा दिसतोय.

ऑफ-व्हाइटमध्ये रंगद्रव्य इतकं थोडं पडतं की मशीनची बारीकशी कमी-जास्तही दिसते. एक लिटरच्या डब्यात ती जास्त, कारण तिथे मुळातच मिलीचा छोटासा भाग सोडायचा असतो. उपाय जुनाच आहे: सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळायचे आणि मग सुरुवात करायची. ते राहिलं असेल तर नवा डबा भिंतीच्या मध्यावर उघडू नका, कोपऱ्यापासून उघडा. दोन भिंतींवर उजेड वेगवेगळा पडतो, तिथे एवढा फरक लपून जातो.

रंग किती लागेल याचा हिशोब आधी केला तर वरून एक लिटर आणायची वेळच येत नाही. दहा बाय बारा खोलीची उंची दहा फूट असेल तर भिंती ४४ गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता ४०० धरा. डब्यावर दोन हातांचं क्षेत्र लिहिलेलं असतं, त्याने भागा आणि थोडं वर घ्या.

१२. कार्ड एका कंपनीचं, रंग दुसऱ्या कंपनीचा. तोच शेड बनवून मिळतो का?

जवळपास. डीलरच्या संगणकात दुसऱ्या कंपनीच्या शेडचं सूत्र असतं किंवा मशीनने कार्ड वाचून नवीन सूत्र निघतं. पण बेस वेगळा, रंगद्रव्यं वेगळी, त्यामुळे दिवसा जुळलेली शेड रात्री फुटू शकते (प्रश्न ७). गडद रंगात हे चालून जातं. दोन ऑफ-व्हाइटमधला फरकच एवढासा असतो की ‘जवळपास’ म्हणता म्हणता तुमचा ऑफ-व्हाइट आयव्हरीत जाऊन बसतो. शेड ज्या कंपनीची, रंगही तिचाच घ्या. कार्डवरून कॉपी करायचीच असेल तर आधी लहान डबा बनवून वाळवून बघा.

१३. सध्या भिंत गडद हिरवी आहे. थेट ऑफ-व्हाइट मारला तर?

तीन हात होतील आणि तरी हिरवट राहील. फिक्या शेडमध्ये झाकण्याची ताकद बेसमधल्या पांढऱ्याचीच असते आणि स्वस्त इमल्शनमध्ये तो पांढरा कमी असतो. पॉलिश पेपर मारून, आवश्यक तिथे पुट्टी भरून, पांढऱ्या प्रायमरचा हात द्या. हिरवं पूर्ण बुजल्याशिवाय शेडचा पहिला हात लावू देऊ नका. पेंटर ‘प्रायमरची गरज नाही’ म्हणाला तर त्याने मजुरी कशी धरली आहे ते विचारा.

१४. ऑफ-व्हाइट वर्षभरात पिवळा पडला. आता आयव्हरीच घेऊ का, म्हणजे कळणार नाही?

पिवळेपणा कुठे आहे ते आधी बघा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर, पंख्याच्या वर, देवघराच्या वर असेल तर तो तेल-धूर-उदबत्तीचा थर आहे. ओल्या फडक्याने थोडा पुसून बघा, खालून मूळ रंग निघेल. धुता येणारं फिनिश घेतलं तर दोन्ही शेड टिकतात. मॅट असेल तर चोळल्यावर चमक येऊन डाग पडतो.

पिवळेपणा ठिपक्यांत किंवा ओघळांत असेल, खालून वर चढत असेल, तर ती ओल आहे. तिच्यावर कुठलीही शेड टिकणार नाही. गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, डाग रोखणारा प्रायमर लावा. आयव्हरीने ओल झाकली जाते हा समज खूप पसरलाय. पहिले दोन महिने तसं वाटतं, इतकंच.

१५. एका खोलीत आयव्हरी आणि शेजारच्या खोलीत ऑफ-व्हाइट चालेल का?

मध्ये दार असेल आणि ते बंद राहत असेल तर चालेल. हॉलमधून उघड्या कमानीतून बेडरूमची भिंत दिसत असेल तर नको. एकमेकांशेजारी दिसणाऱ्या दोन जवळच्या शेड पाहून लोक ‘रंग संपला होता का?’ विचारतात. दोन शेड हव्याच असतील तर अंतर मोठं ठेवा.

१६. मोबाइलवर फोटो पाठवतो, त्यावरून सांगाल का?

नाही सांगता येत. कॅमेरा पांढरा समतोल आपोआप साधतो. म्हणजे आयव्हरी भिंतीचा पिवळेपणा तो ‘दुरुस्त’ करून टाकतो. कंपन्यांच्या अॅपमधली भिंतसुद्धा दोन ऑफ-व्हाइटसाठी निरुपयोगी, गडद रंगाचा अंदाज घ्यायला ठीक. फोटो पाठवायचाच तर दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय, सँपलशेजारी कोरा कागद धरून पाठवा.

१७. आम्ही अमेरिकेत आहोत. इथे सगळे अलाबास्टर आणि व्हाइट डव्ह म्हणतात. त्यात काय घ्यावं?

शर्विन-विल्यम्सचा अलाबास्टर, कोड एसडब्ल्यू ७००८, एलआरव्ही ८२. कंपनीने तो २०१६ चा ‘कलर ऑफ द इयर’ म्हणून निवडला होता. बेंजामिन मूरचा व्हाइट डव्ह, कोड ओसी-१७, त्याचाही एलआरव्ही ऐंशीच्या पुढेच. दोन्ही उबदार. अलाबास्टर थोडा जास्त सायीकडे, व्हाइट डव्हमध्ये करड्याचा स्पर्श. म्हणजे वरच्या आयव्हरी-ऑफ-व्हाइट वादाचीच सौम्य आवृत्ती. तिकडे घरांत पिवळसर दिवे जास्त असतात, त्यामुळे संध्याकाळी अलाबास्टर अधिक क्रीम दिसेल. लाकडी फरशी मधाच्या रंगाची असेल तर माझं मत व्हाइट डव्हला. दारं-पट्ट्या शुभ्र असतील तर प्रश्न ९ मधला छताचा मुद्दा तुमच्या ट्रिमला लागू होतो. अलाबास्टर बेंजामिन मूरच्या दुकानात बनवून घेऊ नका. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

१८. दोन्ही सँपल लावले, तीन दिवस बघितले, घरात एकमत होत नाही.

एकमत होत नाही याचा अर्थ तुमच्या खोलीत त्या दोन शेडमध्ये भांडण्याइतका फरक नाही. जो माणूस त्या खोलीत सगळ्यात जास्त बसतो त्याला ठरवू द्या. तरी अडलं तर जी शेड उरलेल्या घरात आधीच आहे ती घ्या, टच-अपला एकच डबा पुरेल.

१९. दोन वर्षांनी टच-अप करायचा झाला तर?

उरलेला रंग घट्ट झाकण लावून, थंड जागी ठेवा. डब्यावर खोलीचं नाव आणि तारीख लिहा. लेबलवरचा कोड, बेसचं नाव, फिनिश आणि मशीनने छापलेलं सूत्र यांचा फोटो काढून ठेवा, कारण लेबलवर रंगाचे ओघळ हमखास येतात. त्याच डब्यातला रंग वापरूनही ठिगळ दिसू शकतं. भिंत तोवर थोडी मळलेली असते. खिळ्याच्या भोकाएवढी जागा असेल तर लहान ब्रशने, कडा पुसट करत लावा. हातभर मोठा डाग असेल तर ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रोलरने काढा. करड्या ऑफ-व्हाइटमध्ये ठिगळ जास्त चटकन दिसतं, आयव्हरीत थोडं सांभाळून जातं. लहान मुलं असलेल्या घरांना आम्ही आयव्हरीकडे वळवतो, त्यामागचं खरं कारण हेच.